बँकॉकचा निर्णय आणि भीमाकाठचे दूध

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’मधून अंग काढून घेतले. प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी असे लांबलचक नाव असलेल्या या कराराच्या वाटाघाटी २०१२ च्या अखेरीस सुरू झाल्या होत्या. आग्नेय आशियातले दहा देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व भारत असे सोळा देश सात वर्षे त्यावर बोलत होते. सर्वांत गरीब माणसाचा चेहरा आठवावा, या गांधीजींच्या मंत्राचा दाखला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी त्या दिवशी दिला. तो मंत्रही आणि आपली सदसद्विवेकबुद्धीही या कराराला संमती देत नाही, असे त्यांनी सांगितले. उरलेल्या पंधरा देशांनी वर्षभराने, १५ नोव्हेंबर २०२० ला, सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार अमलात आला. भारत बाहेर राहिला तो राहिलाच.

आरसेप हा युरोपीय संघासारखा संघ नव्हता. त्याला संसद नव्हती, समाईक चलन नव्हते, एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन राहण्याचा हक्क नव्हता. शिवाय भारत सही होण्याआधीच उठला. तरीही ‘आत राहायचे की बाहेर पडायचे’ हा प्रश्न आपल्यापुढे इतक्या उघडपणे क्वचितच आला असेल. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर २३ जून २०१६ ला मतदान झाले, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि बँकॉकनंतर तीन महिन्यांच्या आत, ३१ जानेवारी २०२० ला, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. त्या वादावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. आपल्याकडच्या वादावर फार थोडे. त्याला कारणही होते. त्या दिवसांत महाराष्ट्रात विधानसभेचे निकाल लागून सरकार बनत नव्हते, आणि ऑक्टोबरअखेरच्या अवकाळी पावसाने उभी पिके पाण्यात होती. बँकॉक कुणाच्या लक्षात राहणार?

हे पुस्तक शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत बसून त्या वादाकडे पाहते. हेच दोन तालुके का, हे आधी सांगायला हवे.

नकाशावर ते शेजारी आहेत. भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. शिरूरला घोडनदीची सीमा आणि पुणे–नगर रस्ता. दौंडला पुणे–सोलापूर रस्ता आणि रेल्वेचे मोठे जंक्शन. दौंडकडे खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी येते, म्हणून तिथे ऊस, गुऱ्हाळे आणि पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना. शिरूरचा भीमाकाठ आणि घोडकाठ तसाच हिरवा, पण पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडे निघालात की पाऊस हात आखडतो. ओलिताच्या गावात उसाचे वाढे आणि मका गाईला मिळतो, कोरड्या गावात चारा विकत आणावा लागतो. पण गाय दोन्हीकडे आहे. बहुतेक संकरित, एच.एफ. रक्ताची. कांदा दोन्हीकडे आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, जिथे कोरियाची एलजी, चीनची हायर, अमेरिकेची व्हर्लपूल आणि इटलीची फियाट यांचे कारखाने आहेत. पलीकडे दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत. ज्या करारात दूध, कांदा, साखर, फ्रिज आणि मोटारीचे सुटे भाग हे सगळे एका सहीने ठरणार होते, त्या कराराचे जवळजवळ प्रत्येक कलम या दोन तालुक्यांत कुणाच्या ना कुणाच्या घरात शिरले असते. एकाच घरात तीन बाजूंनी शिरले असते, अशीही घरे इथे पुष्कळ आहेत: आई गोठा पाहते, वडील कांदा करतात, मुलगा रांजणगावला शिफ्टला जातो.

वादाची मांडणी देशभर कशी झाली ते पाहिले की थक्क व्हायला होते. डाव्या किसान सभेसह अनेक संघटनांच्या अखिल भारतीय किसान संघर्ष समन्वय समितीने ४ नोव्हेंबरलाच देशभर निदर्शने केली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये संघपरिवारातल्या स्वदेशी जागरण मंचाने याच करारावर आंदोलन केले होते. अमूलने उघड विरोध केला. ज्या काँग्रेसच्या सरकारच्या काळात वाटाघाटी सुरू झाल्या, तिनेही विरोध केला. दुसऱ्या बाजूला अरविंद पानगढियांसारखे अर्थतज्ज्ञ सांगत होते की जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एकाबाहेर राहून भारताचे कारखाने मोठे होणार नाहीत. दोन्ही बाजूंचे बोलणे मनापासूनचे होते आणि दोन्ही बाजूंकडे आकडे होते. पण जिच्या नावाने हे सगळे चालले होते ती दहा-पंधरा लिटर दूध घालणारी बाई या वादात कुठेच बोलत नव्हती. तिचे म्हणणे नोंदवावे, या इच्छेतून या पुस्तकाचे काम सुरू झाले.

दुधापासून सुरुवात करतो, कारण भांडणाचा जीव तिथे आहे.

न्यूझीलंडचे दूध-उत्पादन वर्षाला साधारण २.१ कोटी टन; भारताचे २०१८-१९ मध्ये सुमारे १८.८ कोटी टन, म्हणजे जवळपास नऊ पट. मग एवढ्याशा देशाची भीती कसली? भीती अशी, की न्यूझीलंड आपले जवळजवळ सगळे दूध पावडर, लोणी आणि चीज करून परदेशी विकतो, आणि आपण जवळजवळ सगळे दूध घरातच पितो. तिकडच्या एका कळपात सरासरी चारशेहून जास्त गाई, त्याही पावसावर वाढलेल्या कुरणात चरणाऱ्या. इकडे दोन-चार गाई, आणि सरकी पेंडीचे पोते, मुरघास, डॉक्टर, भरण हे सगळे रोखीने. भारताने बाहेरच्या दूध पावडरीवर साठ टक्क्यांपर्यंत आयातशुल्क ठेवले आहे. ते पडले असते तर ही दोन टोके एकाच बाजारात समोरासमोर आली असती.

पण पावडरीचा आणि इथल्या ताज्या दुधाचा संबंध काय, असे पुण्या-मुंबईतले वाचक विचारतात. संबंध थेट आहे. गाईचे शंभर लिटर दूध आटवले की साधारण साडेआठ-नऊ किलो स्किम पावडर आणि चार किलोंच्या आसपास लोणी निघते. हिवाळ्यात, चारा भरपूर असताना, पुणे-नगर पट्ट्यात दूध पिशवीच्या मागणीपेक्षा वाढते आणि वाढीव दूध पावडरीच्या प्लँटकडे जाते. प्लँटला पावडर आणि लोण्याचे जे मिळते, त्यातून खर्च वजा करून दुधाचा भाव निघतो. आणि वाढीव दुधाला परवडणारा तो भाव हळूहळू सगळ्याच दुधाचा भाव होतो. संकलन केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांच्या) दुधाला आज किती मिळणार, याचे मूळ असे पावडरीच्या गोदामात असते. पहाटे किटली घेऊन डेअरीवर आलेल्या माणसाला फक्त मशीनवरची फॅट दिसते, गोदाम दिसत नाही.

त्याचा पुरावा २०१८ चा आहे, आणि तो मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेव्हा आरसेप नव्हता. परदेशी पावडर येत नव्हती. पण जगात स्किम पावडरीचा भाव टनाला दोन हजार डॉलरच्या आसपास घसरला होता, त्यामुळे महाराष्ट्रातली पावडर बाहेर विकली जाईना. गोदामे भरली आणि गाईच्या दुधाचा भाव वीस रुपयांच्या खाली आला. १६ जुलै २०१८ पासून राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दूधबंद आंदोलन केले, मग सरकारने पाच रुपये अनुदानाच्या आधारे पंचवीस रुपयांचा भाव जाहीर केला. म्हणजे आपण करारात असो वा नसो, जगाचा भाव गोठ्यापर्यंत पोचलेलाच आहे. शुल्काची भिंत बाहेरचे दूध अडवते, बाहेरची मंदी अडवत नाही. ‘बाहेर पडलो, वाचलो’ म्हणणाऱ्यांनी हे वर्ष पुन्हा वाचायला हवे.

आणि बाहेर पडल्यानंतरचे वर्षही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद झाली, दूध पुन्हा वीसच्या खाली गेले. त्याच जूनमध्ये केंद्र सरकारने दहा हजार टन दूध पावडर पंधरा टक्के शुल्काने आणण्याची अधिसूचना काढली. बँकॉकच्या निर्णयाला आठ महिनेही झाले नव्हते. जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात पुन्हा दूध रस्त्यावर ओतले गेले. देशाच्या उत्पादनाच्या मानाने दहा हजार टन फार नव्हे, हे खरे. पण बाजार अफवेवर आणि अंदाजावर हलतो, आणि ती अधिसूचना नेमकी पडत्या बाजारात आली.

आता कांदा. दुधाची दारे घट्ट लावा म्हणणारा हाच शेतकरी कांद्याची दारे सताड उघडी ठेवा म्हणतो. यावर टीकाकार म्हणतात, ही सोयीची भूमिका झाली. मला तसे वाटत नाही. दूध दिवसातून दोनदा काढावे लागते आणि त्याच दिवशी विकावे लागते. भाव पडला म्हणून गाय थांबत नाही. दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार किराण्याला, शाळेला, दवाखान्याला जातो. त्यात खंड पडला की घर लगेच अडते. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, त्यात धोका पत्करता येतो, वाट पाहता येते. एका पट्टीत वर्षाचे कर्ज फिटते किंवा फिटत नाही. या दोन मालांचे स्वभाव वेगळे आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलचे मागणे वेगळे आहे. जगातला प्रत्येक देश वाटाघाटीला बसतो तेव्हा हेच करतो: एक वस्तू झाकतो, दुसरी पुढे करतो. जपानने तांदळाचे केले, तेच शिरूरच्या शेतकऱ्याने दुधाचे केले तर त्यात विसंगती कुठे आहे?

कांद्याच्या बाबतीत त्याचे दार मात्र कुठल्या परदेशाने बंद केलेले नाही. बँकॉकच्या पाच आठवडे आधी, २९ सप्टेंबर २०१९ ला, आपल्याच सरकारने कांद्याची निर्यात पूर्ण बंद केली होती. ती उठली १५ मार्च २०२० ला. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी, आणि ४ मे २०२४ ला ती उठली तीही किमान निर्यातमूल्य आणि चाळीस टक्के शुल्कासह. २०२३ च्या त्या डिसेंबरच्या अखेरीस शिरूरचे खासदार अमोल कोल्हे आणि दौंड ज्या बारामती मतदारसंघात येते तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला. त्यात कांद्याची निर्यातबंदी आणि दुधाचा भाव, दोन्ही मागण्या एकत्र होत्या. एका वर्षात दोनदा बदलणाऱ्या धोरणावर परदेशातला कोणता खरेदीदार भरवसा ठेवील? ज्याला गिऱ्हाईक टिकवायचे आहे त्याला करार हवा असतो, कारण करारामुळे दुसऱ्या देशाबरोबर स्वतःच्या सरकारचेही हात काही प्रमाणात बांधले जातात. करारांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि विरोधकांनी त्याचे उत्तर दिल्याचे मला आढळले नाही.

हा वाद या भागाला नवा नाही. शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यात, चाकणला, शरद जोशींनी कांद्याच्या आंदोलनाने शेतकरी संघटना उभी केली. १९९१ च्या डिसेंबरमध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांचा जागतिक व्यापार कराराचा मसुदा आला तेव्हा देशातल्या शेतकरी नेत्यांमध्ये उभी फूट पडली. उत्तर प्रदेशातले महेंद्रसिंह टिकैत आणि कर्नाटकातले प्रा. नंजुंडस्वामी विरोधात, १९९२ च्या अखेरीस बंगळुरात कारगिल कंपनीच्या कार्यालयावर हल्लाही झाला. शरद जोशी मात्र डंकेलच्या बाजूने उभे राहिले. भारत सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, निर्यातबंद्या आणि लेव्हीच्या वाटेने उलट त्याच्याकडून काढून घेते, म्हणजे इथे उणे अनुदान आहे. तेव्हा जगाचा बाजार उघडला तर आपल्या शेतकऱ्याचा फायदाच होईल, असे त्यांचे गणित होते. कपाशी आणि कांद्यासाठी ते गणित मला आजही पटते. दुधासाठी पटत नाही, कारण तिथे समोर अनुदानाने फुगलेला युरोप एकटा नाही, अनुदानाशिवायही स्वस्त दूध काढणारा न्यूझीलंड आहे. शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ ला गेले. आरसेपच्या वेळी त्यांच्या तोडीचा कुणी मराठी माणूस दुसरी बाजू घेऊन गावोगाव फिरला नाही. त्यामुळे आपल्याकडे वाद झाला, पण वादविवाद झाला नाही. डंकेलच्या वेळी तालुक्याच्या चौकात सभा होत होत्या आणि लोक दोन्हीकडचे ऐकून घरी जात होते, ही परंपरा तुटल्याची मला खंत वाटते.

बाहेर पडण्याच्या कथा नेहमी मोठ्या तत्त्वांच्या नसतात, हे सांगायला ग्रीनलंडचे उदाहरण पुरेसे आहे. डेन्मार्कचा भाग म्हणून ते युरोपीय समुदायात गेले, पण समुद्रातल्या मासळीवर हक्क कुणाचा यावर त्यांचे जमेना. १९८२ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान केले आणि १ फेब्रुवारी १९८५ ला ते समुदायातून बाहेर पडले. एका मासळीने एक भूभाग बाहेर काढला. आपल्याकडे बऱ्याच अंशी एका दुधाने. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की तिथे लोकांना विचारले गेले.

आपल्याकडे विचारण्याची रीत नाही. स्वतंत्र भारतात जनतेला थेट विचारल्याचे प्रसंग फार थोडे. त्यातला एक मराठी माणसाला चांगला आठवतो: १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे. कौल विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला. महाराष्ट्रातल्या अनेकांना तो लागला, पण विचारून लागला, म्हणून मान्य झाला. व्यापार करारासाठी जनमत घ्यावे असे माझे म्हणणे नाही. ब्रिटनमध्ये आत की बाहेर एवढ्या दोन शब्दांत एवढा गुंता कोंबल्याने काय झाले ते जगाने पाहिले. पण जनमत आणि पूर्ण बंद दार यांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे, नोंद १४. परराष्ट्रांशी करार करणे संघसूचीत आहे, तेही नोंद १४. शेती ज्या सरकारची, त्याला कराराच्या टेबलावर जागा नाही. केंद्राच्या करारांना संसदेची मंजुरीही लागत नाही. कायदा बदलावा लागला तरच विषय सभागृहात येतो. आरसेपचा मसुदा तर सह्या होईपर्यंत अधिकृतपणे प्रसिद्धच झाला नाही. भारताच्या अडचणी कोणत्या होत्या, शुल्ककपातीसाठी २०१४ ऐवजी २०१९ हे वर्ष आधार धरावे, आयात एकदम वाढली तर आपोआप शुल्क लागावे, तिसऱ्या देशातून फिरून येणारा चिनी माल अडावा, या मागण्यासुद्धा लोकांना बातम्यांच्या तुकड्यांतून कळल्या. दूध वाचले हे मला योग्यच वाटते. ते न विचारता वाचले, आणि उद्या न विचारता सोडलेही जाऊ शकते, याची मला काळजी वाटते.

सुदैवाने २०१९ च्या विरोधाचा वचक राहिला. ऑस्ट्रेलियाशी एप्रिल २०२२ मध्ये करार झाला, ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झाला. दोन्हींत दुग्धपदार्थांना भारताने सवलत दिली नाही. ब्रिटनला हा करार स्वतंत्रपणे करता आला तो युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळेच. एक देश एका गटातून निघतो आणि दुसरा दुसऱ्या गटाच्या उंबऱ्यावरून परततो, मग दोघे समोरासमोर बसतात. अशा बैठकीत पाबळच्या गोठ्याचे काय होते हे पाहणे आपले काम आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. पहिला आणि सर्वांत मोठा भाग दुधाचा आहे. त्यात संकलन केंद्र, पावडर प्लँट आणि अनुदानाच्या फाइलीचा प्रवास सविस्तर येतो. दुसरा कांद्याचा. साखर आणि गुळावरचे प्रकरण लहान आहे, कारण तिथला तंटा वेगळ्या न्यायासनापुढे गेला: ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊसभावावर आणि निर्यात अनुदानावर २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला. त्याचे परिणाम दौंडच्या गाळपावर कसे होऊ शकतात एवढेच तिथे मांडले आहे.

शेवटचा भाग रांजणगावचा आहे, आणि तो वाचकाला अस्वस्थ करील असा माझा अंदाज आहे. कोरियातून येणारे बरेच सुटे भाग २०१० पासूनच्या स्वतंत्र करारामुळे कमी शुल्काने येतात. आरसेपमध्ये चीनही असता, तर सुटे भाग आणखी स्वस्त झाले असते. पण आख्खा फ्रिजही स्वस्तात आला असता. मग कारखाना वाढला असता, की नुसते गोदाम उरले असते? याचे उत्तर कारखान्यागणिक वेगळे येते, आणि कायम कामगाराचे उत्तर कंत्राटी कामगाराच्या उत्तरापेक्षा वेगळे असते. कारेगाव आणि ढोकसांगवीच्या खोल्यांतून राहणारी मराठवाडा-विदर्भातली मुले यात आहेत, तशी इथल्याच दूध घालणाऱ्या घरांतलीही आहेत. शेतकऱ्याच्या नावाने आरसेपला विरोध झाला तेव्हा या मुलांना कुणी हिशेबात धरले नव्हते, आणि उद्योगाच्या नावाने पाठिंबा दिला गेला तेव्हाही नाही. एका घरात गाईचा पगार आणि कंपनीचा पगार एकाच डब्यात पडतो. त्यातला कोणता वाचवायचा, हे ठरवताना त्या घराने काय सांगितले, ते त्या प्रकरणात त्यांच्याच शब्दांत आहे.